काचवाल्याच्या डोक्यातली जाळी

हेडबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी एका आठवड्यात दोन सुतांनी वाढली, हा शोध आमच्या गल्लीतल्या काचवाल्याने लावला. बाई चौतीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. या काळात त्यांनी पोटदुखीपासून आजीच्या चौथ्या मृत्यूपर्यंत सगळ्या सबबी ऐकल्या होत्या. खिडकी वाढल्याची त्यांनाही नवीन होती.

"वाढली म्हणजे?"

"लाकूड आहे बाई. लाकूड वाढतं."

"चौकट लोखंडाची आहे."

काचवाल्याने नखाने टकटक करून पाहिलं. लोखंडाचीच होती. "मग तर विचारूच नका," तो म्हणाला. "लोखंड फार वाढतं."

काच बसवली, पण उजव्या बाजूला पाव इंचाची फट राहिली. दोन दिवसांत दुसरी काच आणतो असं सांगून तो गेला. बाईंनी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, तिच्यावर पेनाने त्या दिवसाची तारीख घातली, तिच्याखाली 'कारण' असं लिहून पुढची जागा कोरी सोडली आणि पट्टी फटीत सारली. सवय जात नाही.

या प्रसंगाचं गांभीर्य कळायला काचवाल्याचा स्वभाव माहीत हवा. एकतीस वर्षांत त्याने कुठलंच माप दोनदा घेतलं नव्हतं. दोनदा मोजणाऱ्याला तो कारागीर मानत नसे, शंकेखोर मानत असे. टेप एकदा लावायचा, आकडा डोक्यात ठेवायचा, दुकानात येऊन काचेवर पट्टी धरायची, हिऱ्याची एक रेघ ओढायची, खालून दोनदा टिचकी मारायची. काच मुकाट्याने दोन होत असे. कागदावर आकडे लिहून नेणाऱ्या इतर काचवाल्यांबद्दल तो जे बोलायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता याच माणसाची काच पाव इंचाने कमी भरली होती, आणि एकतीस वर्षांचा हिशेब बघता दोष चौकटीचा असणं त्याला जास्त संभवनीय वाटत होतं.

खरी गोष्ट अशी होती की त्याला काचेवर दोन रेघा दिसत होत्या. ओढलेली एक, दिसणाऱ्या दोन, शेजारी शेजारी, आणि दोन्ही सारख्याच ठाम. त्याने त्यातली डावी निवडली. दुसऱ्या दिवसापासून तो उजवा डोळा मिटून काम करू लागला. कुणी विचारलं की "कपची गेलीये" म्हणायचा. काचेची कपची तीन आठवडे डोळ्यात ठेवून हिंडणारा माणूस बघूनही गल्लीत कुणी काही बोललं नाही. त्याला उलट विचारून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

बायकोच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. "अहो, तुम्ही माझ्याकडे मान वळवून का बघता?"

"तीस वर्षं सरळ बघून काय मिळालं?"

समोरच्या दुकानदाराच्याही लक्षात आलं होतं. हा जाळीवाला. खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवण्याचा त्याचा धंदा. आता काच बसवणारा आणि जाळी बसवणारा यांनी एकमेकांच्या नरड्याला का लागावं, हे सांगायचं तर अकरा वर्षं मागे जावं लागेल. एका गिऱ्हाइकाच्या खिडकीला याने सकाळी काच लावली, त्याने दुपारी जाळीची चौकट ठोकली आणि संध्याकाळी काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. याचं म्हणणं, ठोकताना गेला. त्याचं म्हणणं, आधीच होता. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलत नसत म्हणजे सरळ बोलत नसत. मध्ये एखादं गिऱ्हाईक उभं असलं की त्याच्यामार्फत भरपूर बोलत. गिऱ्हाइकाने फक्त उभं राहायचं.

"त्यांना म्हणावं, भोकं फुटावर विकायला अक्कल लागत नाही."

"त्यांना म्हणावं, काच लावून लोकांना बरणीत कोंडायलाही लागत नाही."

पूर्वी दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. भांडणानंतर अहो-जाहो सुरू झालं. या अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांना जितका मान दिला तितका त्यांना घरातही कधी मिळाला नसेल. परवाही जाळीवाला एका बाईला सांगत होता, "त्यांना म्हणावं, नाकाकडे डोळा वळवून माझ्या दुकानात चोरून बघू नका. बघायचं तर सरळ या."

काचवाला चोरून बघत नव्हता. त्याचा उजवा डोळा खरंच नाकाकडे वळला होता आणि बाहेरच्या बाजूला फिरत नव्हता. बायकोने त्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटं बॅटरी मारून सांगितलं की डोळा उत्तम आहे, बिघाड मागे आहे. मग डोक्याचं स्कॅनिंग झालं आणि प्रकरण मेंदूच्या मॅडमकडे गेलं.

मॅडमनी कागदावर एक नळी काढली आणि तिच्या कडेला एक फुगा. मेंदूकडे जाणाऱ्या उजव्या रक्तवाहिनीला डोळ्याच्या मागे, हाडाच्या बेचक्यात, मोठ्या बोराएवढा फुगा आला होता. तो शेजारच्या नसेवर दाब देत होता. ती नस डोळा बाहेर वळवणारी, म्हणून दोन दोन दिसत होतं. फुगा आणखी वाढला तर डोळा कायमचा जाईल, फुटला तर माणूसही जाऊ शकतो.

"बाहेरून चिमटा लावता येत नाही?" हे काचवाल्याच्या मेव्हण्याने विचारलं. मेव्हणा औषधांच्या गोदामात खोके लावायचं काम करत असे, म्हणून घरात त्याला अर्धा डॉक्टर समजत. उरलेला अर्धा तो स्वतः समजत असे.

"या जागी कवटी उघडून पोचणं फार अवघड आहे," मॅडम म्हणाल्या. "फुग्यात बारीक तारांची वेटोळी भरतात, पण ह्याचं तोंड रुंद आहे. भरलेलं बाहेर येईल. म्हणून आपण रक्तवाहिनीच्या आतून, फुग्याच्या तोंडावरून जाणारी एक नळी बसवू. अगदी बारीक तारांनी विणलेली. तिला फ्लो डायव्हर्टर म्हणतात. रक्त सरळ पुढे जातं, फुग्यातलं रक्त थबकतं, हळूहळू गोठतं, आणि काही महिन्यांत नळीवर आतून नवं अस्तर येऊन फुग्याचं तोंड बंद होतं."

काचवाल्याने एवढ्या सगळ्यातला एकच शब्द उचलला. "विणलेली म्हणजे जाळी?"

"हो, जाळीच."

त्याने तो कागद आपल्याकडे ओढला. "काचेचं काही नाही का?"

मॅडमना वाटलं, पेशंट घाबरून विनोद करतोय. त्या हसल्या. बायको हसली नाही. तिला माहीत होतं की नवऱ्याने आयुष्यात इतका गंभीर प्रश्न विचारला नव्हता.

भरतीचा अर्ज मेव्हण्याने भरला. त्याचं अक्षर चांगलं, असं त्याचंच मत होतं. 'व्यवसाय' या रकान्यापाशी तो थांबला. "भाऊजी, इथे काचा कापतो असं लिहिलं तर बरं दिसत नाही. मोठं हॉस्पिटल आहे." त्याने 'व्यापारी' लिहिलं. खाली विचारलं होतं, कामात धारदार वस्तू हाताळाव्या लागतात का. व्यापाऱ्याला कशाला लागतील? त्याने 'नाही'वर बारीकशी खूण केली. अर्ज तीन नर्सेसनी आणि दोन डॉक्टरांनी तपासला. अक्षर खरंच चांगलं होतं.

जाळी बसवायच्या पाच दिवस आधीपासून दोन गोळ्या सुरू झाल्या, एक पांढरी, एक गुलाबी. त्या लागू पडतायत का ते रक्त काढून बघितलं. मग मांडीतून नळी घालून काम होणार असं कळलं, तेव्हा काचवाला म्हणाला, "घर डोक्यात आणि दार मांडीत. कुणी बांधलंय कोण जाणे." पण घाबरला होता. खाटेवरून नेताना त्याने बायकोला दुकानाच्या किल्ल्या दिल्या. एकतीस वर्षांत त्या किल्ल्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्या नव्हत्या, त्यामुळे तिला तिथेच रडू आलं. "रडू नकोस," तो म्हणाला, "कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं, एवढंच."

दोन तासांत काम झालं. जाळी जागेवर बसली, नीट उघडली, रक्त सरळ वाहू लागलं. शुद्धीवर आल्यावर काचवाल्याने डोळे उघडले तर समोर दोन मेव्हणे उभे होते.

"हे अजून दोन आहेत," तो क्षीण आवाजात म्हणाला. "एकच खूप होता."

मॅडमनी समजावलं की फुगा आज बंद होत नाही. आकसायला महिने लागतात, मध्ये डोकं दुखेल, दिसणं हळूहळू सुधारेल. काचवाल्याला हे पटण्यासारखं नव्हतं. त्याच्या धंद्यात सकाळी काच लावली की दुपारी पाऊस थांबायचा. सहा महिन्यांनी थांबेल, असं गिऱ्हाइकाला सांगून बघावं.

"आणि गोळ्या," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही. एकही दिवस चुकवायची नाही. कोऱ्या तारांवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून वर गेली तर अर्धांगवायू होईल. या गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा दाढी करताना जपा."

काचवाल्याने मान हलवली. दाढीच्या बाबतीत तो जपणारच होता. ब्लेडपलीकडे जगात धारदार काही असेल अशी शंका मॅडमना यायचं कारण नव्हतं. समोर व्यापारी बसला होता.

तिसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, त्यामुळे रेघ एकच. पण आता वेगळीच भानगड सुरू झाली. काच कापणाऱ्याची बोटं रोज थोडीफार कापतातच. रक्त आलं की विजारीला पुसायचं आणि पुढचा तुकडा घ्यायचा, अशी आजवरची पद्धत. आता पुसून भागेना. एका नखाएवढ्या कापाचं रक्त पाऊण तास वाहत राही. काउंटरवर थेंब, पट्टीवर थेंब, बिलाच्या वहीवर थेंब. एका नवरीकडच्या मंडळींनी आरसा परत आणला, कारण त्यावर पाच बोटं उमटली होती आणि शुभकार्यात ते बरं दिसत नव्हतं. "हातमोजे घाला," बायको म्हणाली. त्यावर तो नेहमीचंच बोलला, की हातमोजे घालून काच कळत नाही.

मग त्याने विचार केला. हा विचार पूर्णपणे त्याचा होता, त्यात मेव्हण्याचा वाटा फक्त संमतीपुरता. रक्त वाहतं कशामुळे? गोळीमुळे. कोणत्या? दोन्हीतली भारी दिसते ती गुलाबी. तेव्हा ज्या दिवशी काच कापायची त्या दिवशी गुलाबी गोळी घ्यायची नाही. काच तो सोमवार ते शनिवार कापत असे. रविवारी मात्र तो गोळी कटाक्षाने घेई, डॉक्टरचं ऐकणारा माणूस होता तो.

"बरोबर आहे," मेव्हणा म्हणाला. "आमच्या गोदामात पण गुलाबीचा खोका वरच्या फळीवर ठेवतात. कमी लागते म्हणून."

शिवाय मुळात त्या जाळीवर त्याचा विश्वासच नव्हता. भोकं असलेली वस्तू फुग्याचं तोंड कसं बंद करणार? एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना तो हेच सांगत आला होता की जाळीने काही अडत नाही. आता स्वतःच्या डोक्यात बसवली म्हणून मत बदलायचं, म्हणजे समोरच्याचं फावलं. बायको रोज दोन गोळ्या आणि पाण्याचं भांडं पुढे करी. पांढरी तो गिळी, गुलाबी मुठीत ठेवी आणि दुकानात गेल्यावर लांबीच्या डब्यात टाकी. काचेच्या कडा बुजवायच्या त्या मऊ लांबीत गोळ्या छान रुतून बसत. दोन आठवड्यांत बारा बसल्या.

चौदाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो एका कपाटाच्या दाराची काच कापत होता. डाव्या हाताने पट्टी दाबून धरलेली, उजव्या हातात हिरा. अर्धी रेघ झाली आणि पट्टी सरकली. त्याने डाव्या हाताकडे पाहिलं. हात काचेवर पडला होता, पण काम करत नव्हता. पगारी माणूस कामावर येऊन नुसता बसून राहावा, तसा. काचवाल्याने त्याला दरडावायला तोंड उघडलं, तर तोंडही डावीकडे ओघळलं.

समोरून जाळीवाल्याने हे पाहिलं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि सवयीने आधी गिऱ्हाईक शोधलं. त्याच्या दुकानात कुणी नव्हतं. काचवाल्याच्या दुकानात कुणी नव्हतं. त्याने गल्लीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. आठवड्याच्या मधला दिवस, रणरणतं ऊन, एक सायकल भिंतीला टेकलेली, पण माणूस नाही. ज्याच्यामार्फत बोलावं असं कुणीही त्या क्षणी उपलब्ध नव्हतं. अकरा वर्षांचं वैर त्या दिवशी केवळ गिऱ्हाइकाअभावी मोडलं. जाळीवाला रस्ता ओलांडून आला.

"काय रे? काय होतंय?"

"कायी नायी," काचवाला म्हणाला. "हात झोपलाय."

"तोंड पण झोपलंय तुझं. ऊठ."

दहा मिनिटांत हात जागा झाला, तोंडही सरळ झालं, आणि काचवाल्याने लगेच अर्धवट राहिलेली रेघ पुरी करायची तयारी दाखवली. जाळीवाल्याने त्याच्या हातातला हिरा काढून स्वतःच्या खिशात टाकला. टेंपोत मागे जाळीच्या गुंडाळ्या होत्या, त्यांच्यावर काचवाल्याला बसवलं, वाटेत त्याच्या बायकोला घेतलं, आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत काचवाला एवढंच म्हणत राहिला की बसायला टोचतंय.

तपासण्या झाल्या. मॅडम आल्या, मेव्हणाही धावत आला.

"नशीब," मॅडम म्हणाल्या. "छोटी गुठळी होती, विरघळली. जाळीची नळी उघडी आहे. पण असं व्हायला नको होतं. गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"रोज?"

"पांढरी रोज."

"आणि गुलाबी?"

"रविवारी."

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याचा वळलेला डोळाही क्षणभर सरळ झाला असावा.

"फक्त रविवारी का?"

"इतर दिवशी काम असतं."

"तुम्ही तर व्यापारी आहात," अर्ज चाळत मॅडम म्हणाल्या. "काय काम असतं?"

"काच कापतो तो," जाळीवाला म्हणाला. "दिवसभर बोटं कापून घेतो. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

मॅडमनी अर्जातली ती बारीकशी खूण पाहिली, मग चौघांकडे पाहिलं. मेव्हणा या वेळी छतावरच्या पंख्याचं निरीक्षण करत होता. पंखा बंद होता.

"तुमचं मन लागत नाहीये या उपचारात," मॅडम काचवाल्याला म्हणाल्या. "का?"

"मॅडम, रागावू नका. पण जाळीला भोकं असतात."

मॅडमनी टेबलाच्या खणातून एक छोटी पारदर्शक डबी काढली. तिच्यात नमुन्याची नळी होती, पावसाळी किड्याच्या अंगासारखी चंदेरी, काडीपेक्षा थोडी जाड. काचवाल्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. जाळीवाल्याने मात्र हात पुढे केला, डबी खिडकीकडे धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिला. आयुष्यात एवढं बारीक काम त्याने पाहिलं नव्हतं.

"किती तारा?"

"अठ्ठेचाळीस," मॅडम म्हणाल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"वीण तिरकी आहे. म्हणजे दाबली की आखूड आणि दाट होते, ताणली की लांब आणि विरळ. बरोबर? तोंडापाशी दाट ठेवली असणार."

"तशीच ठेवली," मॅडम खुर्चीत सरळ बसत म्हणाल्या.

जाळीवाला काचवाल्याकडे वळला. "हे बघ. एक लांब बोळ आहे, त्यातून वारा वाहतोय. बोळाच्या कडेला एक खोली, तिला दार नाही. वारा आत घुसतो, गरागरा फिरतो, भिंतींना ढकलतो. आता त्या दाराच्या जागी मी दाट जाळी लावली. वारा अडला का? नाही. आत थोडा जातो, पण जोर मेला. बाकीचा बोळातून सरळ निघून गेला. खोलीतली हवा थांबली की काय होतं? धूळ खाली बसते. आणि दोन-तीन वर्षांत जाळीची भोकंही धुळीने बुजतात. खोली बंद."

काचवाला एकदम उठून बसला. "म्हणजे तुझी जाळी बुजते."

"दाट असली की बुजते."

"गिऱ्हाइकाला तू काय सांगतोस? दहा वर्षं बघायला नको म्हणतोस." तो मॅडमकडे वळला. "तुम्ही ऐकलंत ना? तुमच्यासमोर कबूल केलंय त्याने."

"केलं," जाळीवाला शांतपणे म्हणाला. "बुजते. आणि तुझ्या डोक्यात ती बुजावी म्हणूनच बसवलीये. पण धूळ खोलीत बसायला हवी, बोळात नाही. बोळात बसली तर आजसारखा हात झोपतो, आणि पुढच्या वेळी उठत नाही. बोळ झाडायला त्या गोळ्या आहेत. रोज झाडतात बोळ. रविवारी नाही."

मॅडमनी पेन काढून अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहून घेतलं. हल्ली त्या नव्या पेशंटना बोळ आणि खोलीचीच गोष्ट सांगतात असं ऐकिवात आहे. कुणाची आहे ते सांगत नाहीत.

काचवाला पटवून घेणाऱ्यातला नव्हता, पण शत्रूचा कबुलीजबाब हातात आल्यावर त्याचा जाळीवरचा राग बराच उतरला. गोळ्यांचा ताबा बायकोने घेतला. ती आता गिळल्यावर जीभ वर करायला लावी, मग खाली, मग दोन्ही गाल. लांबीच्या डब्यातल्या बारा गोळ्या तिने एकेक करून उकरून काढल्या आणि मेव्हण्याला घरी बोलावून त्याच्यासमोर बशीत मांडल्या. त्यानंतर मेव्हण्याने औषधाविषयी मत देणं सोडलं. म्हणजे या घरात.

सहा महिने काच कापायची नाही, असं ठरलं. फक्त मापं घ्यायची, कापलेली काच घाऊक दुकानातून यायची. पण एका डोळ्याने घेतलेल्या मापावर त्याचा स्वतःचाच भरवसा नव्हता, आणि टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागत होता. जाळीवाला रिकामाच असे. तो टोक धरी आणि माप मोठ्याने वाची, मग काचवाला त्याच्यावर संशय घेऊन पुन्हा टेप लावी. अशा रीतीने जगाला दाखवायला का होईना, दोनदा मोजायचं एक सन्मान्य कारण त्याला मिळालं.

डोळ्याची प्रगती मात्र तो स्वतः मोजत असे. दर रविवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, डोळ्यावरची पट्टी काढायची आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे बघायचं. खांब एक, दिसायचे दोन. हातभर अंतरावर मोजपट्टी धरून तो दोन खांबांमधली जागा मोजी आणि आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिही. आकडे कागदावर लिहिणाऱ्यांची त्याने आयुष्यभर टर उडवली होती. हे दार होतं, त्यामुळे चालायचं. पहिल्या रविवारी सव्वाचार इंच. मग तीन आठवडे काहीच हललं नाही, उलट डोकं ठणकलं आणि खांब सूतभर लांबच गेले. मॅडम म्हणाल्या, आत रक्त गोठताना असं होतं. हिरा जाळीवाल्याच्या खिशातून परत आला होता, तो खणातून काढायचा, फडक्याने पुसायचा आणि परत ठेवायचा. त्याला भीती फुग्याची नव्हती. ह्यापुढे आपण आयुष्यभर टेपचं टोक धरणारे राहणार, याची होती.

"किती आज?" समोरून जाळीवाला विचारी.

"तेवढंच."

मग आकडा हलला. सव्वातीन. अडीच. पावणेदोन. एका रविवारी काचवाला नेहमीपेक्षा जास्त वेळ पायरीवर उभा राहिला. "दोन सूत," तो म्हणाला.

"हेडबाईंच्या खिडकीएवढं," जाळीवाला म्हणाला. काचवाला आकडा लिहायला आत गेला.

सहा महिन्यांनी अँजिओग्राफी झाली. फुग्याचं तोंड जवळजवळ बंद झालं होतं, मुळाशी नखाच्या कोरीएवढा भाग राहिला होता. तोही वर्षभरात बंद व्हावा, असं मॅडम म्हणाल्या. गुलाबी गोळी थांबली, पांढरी चालू राहिली. डोळा सरळ समोर बघताना एकच चित्र दाखवू लागला. फक्त एकदम उजवीकडे वळवला तर अजून दोन दिसत. काचवाल्याने मॅडमना सांगितलं की हरकत नाही, उजवीकडे मेव्हण्याचं घर आहे, तिकडे बघायची गरज पडत नाही.

परत आल्यावर त्याने पहिलं काम हेडबाईंचं घेतलं. जाळीवाल्याने टोक धरलं. काचवाल्याने माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. दुकानात येऊन हातात हातमोजे चढवले, जाळीवाल्याचेच जुने, चामड्याचे, तारांनी भोसकलेले. काचेवर पट्टी ठेवली. डाव्या हाताकडे एकदा बघून घेतलं. हात कामावर होता. रेघ ओढली. एक ओढली, एक दिसली. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग खालून दोनदा टिचकी मारली.

हेडबाईंच्या खिडकीत काच अशी बसली की लांबी भरायला कष्ट पडले. बाईंनी काढून ठेवलेली पुठ्ठ्याची पट्टी आणली. आठ महिन्यांपूर्वीची तारीख, खाली 'कारण', पुढे कोरी जागा.

"खिडकी वाढली होती म्हणालात."

"हो."

"आता?"

"आकसली." जाळीवाला खोकला. काचवाल्याने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

बाईंनी पेन पुढे केलं. "लिहा तेवढं. कोरं ठेवलेलं मला चालत नाही."

काचवाला पेन धरून उभा राहिला. कारणं बरीच होती. नळी, फुगा, नस, दोन रेघा, त्यातली डावी. शेवटी ओट्यावर वाकून, हाताचा आडोसा करून त्याने काहीतरी लिहिलं, पट्टीची घडी घातली आणि चौकटीच्या खाचेत, काचेच्या मागे सारून वरून लांबी भरली. आता ती काच फुटेपर्यंत कुणाला दिसणार नव्हती.

पण चौतीस वर्षं बाकांच्या पलीकडून वह्या तपासलेल्या माणसाला उलटं वाचता येतं. बाईंनी वाचलं होतं. लिहिलं होतं, 'चौकट बरोबर होती.'

तो निघताना त्या म्हणाल्या, "सही राहिली."

"काच फुटली की करीन," काचवाला म्हणाला.